स्टेंट कोणता, आणि त्यानंतरची वर्षे

सँडीफोर्ड आणि आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींना एक फोन आता चांगलाच परिचयाचा झाला आहे. पुण्याहून किंवा नागपूरहून धाकटा भाऊ बोलत असतो : बाबांची अँजिओग्राफी झाली, दोन ब्लॉक निघाले, डॉक्टर विचारताहेत स्टेंट इंपोर्टेड घालायचा की इंडियन; दादा, तूच सांग. परदेशात राहणाऱ्याला यातले कळत असणार, असे घरच्यांनी गृहीत धरलेले असते. मी पेशाने इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. पण असा फोन मलाही आला, आणि तेव्हापासून या विषयावर जे हाती लागेल ते वाचत आलो. त्यातले उपयोगी तेवढे इथे मांडतो.

नुसत्या धातूच्या स्टेंटची अडचण अशी, की फुग्याने धमनी ताणली जाते, आतून जखम होते आणि ती भरताना पेशी गरजेपेक्षा जास्त वाढतात. चार-पाच रुग्णांमागे एकाची धमनी काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. म्हणून स्टेंटवर पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधाचा लेप आला. त्यातले पहिले औषध सिरोलिमस. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळाले, आणि माँट्रियलच्या प्रयोगशाळेत त्यावर वर्षानुवर्षे चिकाटीने काम करणारे शास्त्रज्ञ होते आपले सुरेन सहगल. हे नाव आपल्या मुलांना ठाऊक असायला हरकत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रॅव्हेल’ चाचणीत सहा महिन्यांनी साध्या स्टेंटच्या गटात २६.६ टक्के रुग्णांची धमनी पुन्हा अरुंद झाली होती. औषधी स्टेंटच्या गटात एकाचीही नाही.

एवढे यश पाहून सारे जग हुरळले, आणि २००६ मध्ये बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत धक्का बसला. जे औषध जखमेची फाजील वाढ थांबवते, तेच स्टेंटवर धमनीचे नैसर्गिक अस्तर चढण्यालाही उशीर लावते. उघड्या राहिलेल्या धातूवर वर्षा-दोन वर्षांनीही रक्ताची गुठळी होऊ शकते. धमनी हळूहळू अरुंद झाली तर छातीत दुखून सूचना तरी मिळते. गुठळी मात्र एकाएकी होते आणि पुष्कळदा जीवच घेते. स्वीडनच्या नोंदींवरून २००७ मध्ये औषधी स्टेंटवाल्यांत मृत्यू अधिक दिसले. त्याच नोंदी २००९ मध्ये अधिक काळाच्या तपासल्या तेव्हा तो फरक उरला नाही.

दरम्यान स्टेंटच बदलला. पहिल्या ‘सायफर’च्या तारा १४० मायक्रॉन जाड होत्या, पुढच्या पिढीतल्या ‘झायन्स’च्या ८१. लेपही अधिक सौम्य झाले. नॉर्वेत ९,०१३ रुग्णांची सहा वर्षांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, ती मला सर्वांत बोलकी वाटते. गुठळ्या नव्या औषधी स्टेंटमध्ये ०.८ टक्के, साध्यात १.२; पुन्हा धमनी उघडावी लागण्याचे प्रमाण १६.५ विरुद्ध १९.८. मात्र मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका यांत म्हणण्यासारखा फरक नाही : १६.६ आणि १७.१. म्हणजे औषधी स्टेंट दुसऱ्या प्रोसीजरपासून वाचवतो. आयुष्य वाढवतो असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. आणि पहिल्या वर्षानंतर, स्टेंट कोणताही असो, दरवर्षी सुमारे दोन टक्के रुग्णांना त्याच जागी काहीतरी त्रास होतो, असे २५,०३२ रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात २०२० मध्ये दिसले.

सर्वांत नवे तेच सर्वांत चांगले, हेही खरे नाही. विरघळून जाणाऱ्या ‘अ‍ॅब्सॉर्ब’ स्टेंटला अमेरिकेत २०१६ मध्ये परवानगी मिळाली आणि २०१७ मध्ये कंपनीनेच त्याची विक्री थांबवली.

आता इंपोर्टेड की इंडियन. हे इंपोर्टेड स्टेंट बऱ्याचदा आपल्या गॉलवे-क्लॉनमेलकडचेच असतात, ही एक गंमत. सुरतेच्या ‘सुप्राफ्लेक्स’ची ‘झायन्स’शी युरोपात १,४३५ रुग्णांवर तुलना झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात वर्षभरातील स्टेंटशी संबंधित त्रास अनुक्रमे ४.९ आणि ५.३ टक्के होता. याचा अर्थ प्रत्येक भारतीय स्टेंट इतका तपासलेला आहे असा नव्हे, म्हणून भावाला नाव विचारायला सांगावे आणि त्या नावाची मोठी चाचणी झाली आहे का ते डॉक्टरांनाच विचारावे. किमतीचा धाक तरी पूर्वीसारखा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये भारत सरकारने सर्व औषधी स्टेंटना, देशी असोत वा परदेशी, २९,६०० रुपये अधिक कर ही एकच कमाल किंमत लावली. पुढे तो आकडा वेळोवेळी बदलत गेला.

माझ्या मते फोनवर जास्त वेळ द्यावा तो गोळ्यांवर. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी अस्तर चढेपर्यंत गुठळी रोखतात. पहिल्या पिढीच्या स्टेंटच्या २,२२९ रुग्णांच्या २००५ मधल्या अभ्यासात गुठळी होण्याचे सर्वांत ठळक कारण होते गोळ्या मुदतीआधी बंद करणे. आता ही मुदत रुग्णागणिक ठरते, कुणाला वर्षभर, तर रक्तस्रावाचा धोका असलेल्याला महिनाभरसुद्धा. पण आपल्याकडे दात काढायचा म्हणून, पित्त होते म्हणून, कधी शेजाऱ्यांच्या सल्ल्यानेही गोळी परस्पर बंद होते. ती फक्त हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच बंद करायची.

आईवडील तीन महिन्यांसाठी इकडे येणार असतील तर पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या आणि स्टेंटचे कार्ड हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा. तिकडची चिठ्ठी इथल्या फार्मसीत चालत नाही, जी.पी.कडून नवी घ्यावी लागते. शिवाय तिकडे दोन-तीन औषधे एकाच कॅप्सूलमध्ये असतात आणि तिचे व्यापारी नाव इथे कुणी ओळखत नाही. तेव्हा डॉक्टरांकडून प्रत्येक घटकाचे नाव, मिलिग्रॅम आणि गोळी कोणत्या तारखेपर्यंत घ्यायची ते इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात लिहून घ्यावे.