फाट्यापासून गावापर्यंत: गटाची रिक्षा घेण्याआधी

ताईंनो, १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एस.टी.त अर्धंच तिकीट लागतं. पण एस.टी. फाट्यावर सोडते. पुढे गाव दोन-चार किलोमीटर, हातात बाजाराची पिशवी, कडेवर पोर आणि डोक्यावर आपलं खान्देशी ऊन. काळी-पिवळी भरेपर्यंत थांबायचं, नाहीतर पायी निघायचं. म्हणून गटात विषय निघतोच, आपणच एक गाडी घेऊ या का?

असा प्रयोग आधी झालेला आहे. २०१७ मध्ये केंद्र सरकारने आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना आणली. देशभरातल्या २५० तालुक्यांत बचत गटाच्या सभासद ताईला गाडीसाठी ६ लाख ५० हजारांपर्यंत बिनव्याजी कर्ज द्यायचं, असं ठरलं. ई-रिक्षा, तीनचाकी, चारचाकी, काहीही चालत होतं. त्यातली एक गोष्ट आपण उचलावी: आधी रस्त्याची पाहणी, मग गाडीची निवड. आपण बरोबर उलटं करतो, आधी शोरूमला जातो!

एस.टी.च्याच रस्त्यावर गाडी लावू नका. अर्धं तिकीट सोडून बायका आपल्याकडे कशाला येतील? आपला रस्ता गाव ते फाटा.

आता हिशोब. समजा एका फेरीला ४ जणी, प्रत्येकी १५ रुपये, म्हणजे ६० रुपये. जाऊन-येऊन १० फेऱ्यांचे ६०० आणि २६ दिवसांचे १५,६००. ऐकायला छान वाटतं. पण सकाळी सगळे फाट्याकडे जातात, येताना रिक्षा रिकामी येते. संध्याकाळी त्याच्या उलट. निम्म्या फेऱ्या रिकाम्या गेल्या तर हातात ७,८०० राहतात. हप्ता, विमा, चार्जिंग, दुरुस्ती यातूनच. आणि बॅटरी बदलायची वेळ येतेच, उन्हाळा कडक असला की लवकर येते. तिच्यासाठी दर महिन्याला वेगळी रक्कम टाका.

ई-रिक्षात कायद्याने चालकाशिवाय ४ प्रवासी आणि ४० किलो सामान, वेग ताशी २५ किलोमीटर. सपाट रस्त्याला ती बरी. चोपडा-शिरपूरकडच्या सातपुड्यातल्या पाड्यांच्या चढाला ती नको. परवाना म्हणजे लायसन्स, नोंदणी आणि विमा तिलाही लागतोच. कापूस वेचणीला आपण छोट्या हत्तीत उभ्याने जातो, पण ती मालाची गाडी. अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळणं अवघड.

पुढच्या बैठकीआधी दोघीजणींनी चार दिवस फाट्यावर बसा, त्यात एक बाजाराचा दिवस धरा. कोणत्या वेळी किती माणसं उतरली, किती चढली, वहीत लिहा. ती वही घेऊन प्रभागसंघात या. सध्या कोणता निधी मिळतो, हे उमेदच्या तालुका कक्षात आपण मिळून विचारू.