मधुमेह, रिकामा खिसा आणि महिन्याच्या दहा पट्ट्या

साखर मोजायचे यंत्र घरात आहे, पण पट्ट्या संपल्या म्हणून ते कपाटात पडले आहे, असे घर आपल्या धर्मग्रामात शोधायला फार चालावे लागत नाही. मुंबईतल्या किंवा आखातातल्या मुलाने सुट्टीवर येताना मीटर आणले, सोबतची डबी आठ दिवसांत संपली, आणि पुढची डबी कोणी आणायची यावर गाडी अडली. मीटर एकदाच विकत घ्यावा लागतो. पट्ट्या मात्र जन्मभर लागतात.

हा आता चार श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह असल्याचे दिसले. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे साऱ्या देशात सर्वांत जास्त. लावणीला जाणाऱ्या बाया, काजूच्या कारखान्यात बसणाऱ्या मावशा, रिक्षावाले, सगळेच त्यात आले.

पहिली गोष्ट अशी, की प्रत्येक मधुमेह्याने रोज बोट टोचलेच पाहिजे असे नाही. जो नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर आहे आणि ज्याची साखर बऱ्यापैकी ताब्यात आहे, त्याला रोजच्या तपासणीचा विशेष फायदा होत नाही. त्याने ते पैसे कडधान्यावर आणि भाजीवर खर्च केले तर आम्हाला अधिक आनंद होईल. परंतु जो इन्सुलिन टोचून घेतो, किंवा ज्याच्या चिठ्ठीत ग्लायमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशी नावे आहेत, त्याची गोष्ट वेगळी. ही औषधे साखर प्रमाणाबाहेर खाली आणू शकतात. इन्सुलिनवाल्याने किती वेळा तपासायचे हे डॉक्टरांनीच सांगावे. तेथे काटकसर करू नये. गरोदर बाईच्या बाबतीतही तेच.

आता हिशेब मांडू. पट्टीची किंमत कंपनीप्रमाणे बदलते. समजा एक पट्टी वीस रुपयांना पडते आणि गोळ्या घेणाऱ्या एखाद्या मावशीला महिन्याकाठी दोनशे रुपये बाजूला काढता येतात. म्हणजे दहा पट्ट्या झाल्या. पुष्कळ लोक या दहाही पट्ट्या सकाळी उपाशीपोटी वापरतात. मग उपाशीपोटीची साखर कळते, पण दुपारच्या भाताने काय केले ते कळतच नाही.

त्यापेक्षा जोडीने तपासावे. पहिल्या आठवड्यात एके दिवशी न्याहारीपूर्वी एकदा आणि न्याहारी सुरू केल्यापासून दोन तासांनी एकदा. दुसऱ्या आठवड्यात असेच दुपारच्या जेवणाचे, तिसऱ्यात रात्रीच्या जेवणाचे. चौथ्या आठवड्यात दोन निरनिराळ्या सकाळी उपाशीपोटी. झाल्या आठ. उरलेल्या दोन हात लावायच्या नाहीत. त्या चक्कर, घाम, थरथर अशा प्रसंगासाठी डबीत राहू द्याव्यात.

बहुतेकांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, असा आकडा धरतात. म्हाताऱ्या, अशक्त माणसाला डॉक्टर थोडी सूट देतात. दुपारी जेवणापूर्वी १३० आणि नंतर २४० आले, तर दोष ताटात शोधावा. पुढच्या खेपेला भात निम्मा, उसळ दुप्पट, भाजी भरपूर असे जेवून पुन्हा त्याच वेळी मोजावे. पेज निवळ दिसते म्हणून निरुपद्रवी समजतात, तीही तांदळाचीच असते. आणि नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी चालते म्हणून चार खाल्ल्या, तर मीटर तेही सांगेल. डॉक्टरांच्या तोंडचे दहा उपदेश जे करत नाहीत ते आकड्यांची अशी एक जोडी करते, असे आमचे मत आहे.

मात्र आकड्याच्या बारीकसारीक फरकाने घाबरू नये. प्रयोगशाळेत १०० आले तर चांगला मीटरसुद्धा ८५ ते ११५ पर्यंत काहीही दाखवू शकतो. काल १४८ आणि आज १५६, म्हणजे काहीच बिघडले नाही. प्रयोगशाळेत रक्त द्याल त्याच सकाळी, त्याच वेळी मीटरवरही तपासून ताडून पाहावे.

टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. आंबा किंवा केळे सोललेल्या बोटातून घेतलेल्या थेंबात फळाची साखर मिसळते आणि मीटर भलताच आकडा दाखवतो. मग माणूस उगाच धास्तावतो. बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचावे, दुखते कमी. शेतात काम करणाऱ्याच्या बोटाला घट्टे असतात, तेव्हा कोमट पाण्यात हात धरून मग टोचावे.

पट्ट्यांना आमच्या पावसाळ्याची दमट हवा सोसत नाही. त्या मूळ डबीतच ठेवाव्यात, पट्टी काढताच झाकण लावावे, चुलीजवळ किंवा फ्रिजमध्ये ठेवू नयेत. पन्नासची डबी घेतली तर पट्टी स्वस्त पडते, हे खरे. पण अनेक कंपन्यांच्या डब्या उघडल्यावर साधारण तीन महिन्यांत संपवाव्या लागतात, आणि महिन्याला दहा वापरणाऱ्याला पन्नास पट्ट्या पाच महिने पुरतात. म्हणून एकट्याने पंचवीसची घ्यावी. शेजारच्या तीन घरांनी एकाच जातीचा मीटर घेतला आणि पन्नासची डबी मिळून वापरली तर ती दोन महिन्यांच्या आत संपते व वायाही जात नाही.

मीटर किंवा डबी सामाईक चालेल. सुई आणि टोचायचे पेन मात्र कधीही नाही, नवराबायकोतसुद्धा नाही. कावीळ ब सारखा रोग अशाच रक्ताच्या कणातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. सामाईक मीटर दर वेळी पुसून घ्यावा. महिला मंडळाला मधुमेह्यांसाठी काही करायचे असेल तर एकदाच वापरता येणाऱ्या सुया आणून द्याव्यात.

जुन्या वाचकांना निळ्या औषधाची परीक्षानळी आठवत असेल. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शोधलेले ते औषध. चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर औषधात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचे. निळे राहिले तर साखर नाही, मग हिरवे, पिवळे, नारिंगी, आणि विटेसारखे लाल झाले की भरपूर. स्वस्त म्हणून आजही कोणी ते सुचवतात. आम्ही त्यावर विसंबायला सांगणार नाही. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, आणि साखर फार खाली गेली तर ही नळी चकार शब्द बोलत नाही. शिवाय डापाग्लिफ्लोझिन या गोळीचे कामच साखर लघवीवाटे बाहेर टाकण्याचे आहे. २०२० साली तिच्या एकाधिकाराची मुदत संपल्यापासून ती आपल्याकडे स्वस्त झाली आणि बरेच जण ती घेतात. अशांची लघवी रक्तातली साखर उत्तम असतानाही लालच दिसणार.

पैसे वाचवण्याच्या आणखी जागा आहेत. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तेथे तीस वर्षांवरील माणसांची साखर व रक्तदाब फुकट तपासतात. वाडीतल्या आशाताईंना वार विचारावा. जनऔषधी केंद्रात मेटफॉर्मिनसारख्या साध्या गोळ्या बऱ्याच कमी पैशांत मिळतात. जे वाचले त्यातून वर्षाकाठी निदान दोनदा तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, करून घ्यावी. सात टक्क्यांच्या आत असावी असा सर्वसाधारण दंडक आहे. आपल्या बायकांत अंगात रक्त कमी असणे फार, आणि लोहाच्या कमतरतेने हा आकडा खोटाच वर चढतो. म्हणून सोबत हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे.

त्या राखून ठेवलेल्या दोन पट्ट्यांकडे पुन्हा वळू. लावणीच्या दिवसांत सकाळी गोळी घेऊन नुसत्या चहावर शेतात उतरायचे, दुपारी दोनला जेवायचे, असे चालते. अकराच्या सुमारास घाम फुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. लोक म्हणतात ऊन लागले. मोजावे, ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि बरे वाटल्यावर जेवून घ्यावे. मीटर घरी राहिला असेल तर आकड्यासाठी थांबू नये, साखर आधी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता गाडी बोलवावी. उलट, आकडा ३०० च्या वर आणि जोडीला उलट्या किंवा धाप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला गोळी घेऊन उपाशी राहणाऱ्या आज्यांनाही हेच सांगणे आहे. आजाऱ्याला उपवासाचे बंधन ख्रिस्तसभेने घातलेलेच नाही. शंका असेल तर फादरांना विचारावे आणि औषधाबद्दल डॉक्टरांना.

आकडे कॅलेंडरच्या कोपऱ्यात न लिहिता नातवाच्या जुन्या वहीत लिहावेत: तारीख, वेळ, आकडा, काय खाल्ले. दवाखान्यात जाताना ती वही न्यावी आणि स्वतःहून डॉक्टरांपुढे उघडावी, कारण गर्दीत ती कोणी मागत नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत बूच लावून साठवाव्यात व बाटली भरली की आरोग्य केंद्रात द्यावी. शेणखताच्या खड्ड्यात तर मुळीच टाकू नयेत. ते खत उद्या वाफ्यात जाते, आणि वाफ्यात आपण अनवाणी उतरतो.