लंगडा गिनीपिग व त्याची शुश्रूषा

बैल लंगडूं लागला म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडचें पाणी पळतें. खूर पाहावा, सांधा चाचपावा, काटा रुतला आहे काय तें शोधावें, मग शेक द्यावा किंवा गुरांच्या डॉक्टरांस बोलवावें, हा क्रम आपणांपैकीं प्रत्येकास ठाऊक आहे. परंतु घरांतील मुलानें हौसेनें पाळलेला वीतभर लांबीचा गिनीपिग एके सकाळीं मागचा पाय ओढीत चालूं लागला, तर तोच अनुभवी शेतकरी गोंधळून जातो. बैलाच्या अनुभवावरून तो कांहीं उपाय करतो, आणि पुष्कळदां त्या उपायानेंच तें जनावर दगावतें. प्रस्तुत लेखकाच्या हातून असें एकदां घडलें आहे, म्हणून हा लेख.

आमच्या मुलीच्या मांडीवरून तिचा गिनीपिग फरशीवर पडला व त्याचा मागचा उजवा पाय सुजला. मीं वासराच्या पायास बांधतात तशा कामट्या बांधल्या. जखम पिकूं नये म्हणून घरांत माणसासाठीं आणलेल्या अमॉक्सिसिलिनच्या उरलेल्या औषधांतून थोडें पाजलेंही. दुसऱ्या दिवशीं त्यानें चारा सोडला, मग हगवण लागली व चौथ्या दिवशीं तो मेला. पाय मोडल्यानें तो मेला, असें मीं मुलीस सांगितलें. पुढें पशुवैद्यांपाशीं गोष्ट निघाली तेव्हां खरें कारण कळलें : त्याचा पाय कदाचित् बरा झाला असता; माझें औषधच त्यास भोंवलें. मुलीस हें सांगण्यास मला आणखी एक वर्ष लागलें.

हा प्राणी कोण :— नांवांत 'पिग' असलें तरी हा डुकराच्या जातीचा नव्हे, व गिनी देशाचाही नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांत कांहीं हजार वर्षांपूर्वीं तो माणसाळला. पेरू, बोलिव्हिया व इक्वादोर या देशांतील शेतकरी त्यास 'कुय' म्हणतात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत पाळतात, हिरवा चारा व भाजीचा पाला घालतात आणि त्याचें मांस खातात. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं तो युरोपांत नेला. म्हणजे मूळचा हा शेतकऱ्याच्याच घरचा प्राणी आहे. पूर्ण वाढलेल्याचें वजन सुमारें ७०० ते १,२०० ग्रॅम भरतें. तो थंड डोंगराळ प्रदेशांतील असल्यामुळें आपला चैत्र-वैशाख त्यास सोसत नाहीं. तो गवतावर जगणारा असल्यामुळें त्याचें पोट सतत चालूं राहावें लागतें. आणि तो शिकारीस बळी पडणारा प्राणी असल्यामुळें वेदना लपवितो. या तीन गोष्टी ध्यानांत ठेवल्या म्हणजे पुढील सर्व उपचारांचें मर्म कळेल.

पाय कसा पाहावा :— जमिनीवर जाड कापड पसरून तेथेंच बसावें. उंचावर धरून पाहूं नये. एक हात छातीखालीं व दुसरा कुल्ल्याखालीं देऊन उचलावें. पुढील प्रत्येक पायास चार व मागील प्रत्येक पायास तीन बोटें असतात. तीं मोजून पाहावीं. दुखरा पाय व चांगला पाय शेजारीं-शेजारीं ताडून पाहावेत. पाय भलत्याच दिशेस वळला असेल, हाड बाहेर दिसत असेल, किंवा मागील दोन्ही पाय लुळे पडून लघवी आपोआप झिरपत असेल, तर घरीं एक क्षणही न दवडतां पशुवैद्यांकडे न्यावें. कुत्र्यामांजराचा दांत लागला असल्यासही तोच नियम. केवळ नख तुटून रक्त वाहत असेल तर मैद्याची किंवा मक्याच्या पिठाची चिमूट त्यावर कांहीं मिनिटें दाबून धरावी, रक्त थांबतें.

लंगडण्याचीं कारणें :— मुख्य कारणें तीन आहेत. पहिलें पडणें किंवा पाय अडकणें. मुलांच्या हातून निसटणें व पिंजऱ्याच्या तारेंत पाय गुंतणें यांनीं नडगीचें हाड मोडतें. दुसरें तळपायाचे व्रण. तारेची किंवा ओलसर जमीन, साचलेली घाण व फाजील लठ्ठपणा यांमुळें तळवा लाल होतो, मग त्यावर खपली धरते, जंतू आंत शिरतात व शेवटीं विकार हाडापर्यंत पोंचतो. तळवा नुसता लाल असतांनाच कोरडें व मऊ अंथरूण दिलें तर पुढचें संकट टळतें.

तिसरें कारण आपणां शेतकऱ्यांनीं विशेष ओळखावयास हवें, कारण तें आपल्याच कोठारांतून येतें. माणसाप्रमाणें गिनीपिगाच्या शरीरांतही 'क' जीवनसत्त्व तयार होत नाहीं; गाय, बैल, शेळी यांच्या शरीरांत तें होतें. १९०७ सालीं नॉर्वेंतील क्रिस्तियानिया, म्हणजे आजचें ओस्लो, येथें आक्सेल होल्स्ट व थिओडोर फ्रोलिख या दोघां संशोधकांनीं गिनीपिगांस नुसत्या धान्यावर ठेवलें, तेव्हां त्यांस खलाशांस होणारा स्कर्व्ही रोग झाला. ताजा पाला मिळाल्यावर तो हटला. पोटभर ज्वारी-बाजरी मिळते म्हणून आपण निश्चिंत असतों. पण हिरवें न मिळाल्यास दोनतीन आठवड्यांत त्याचे सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतें, केंस विसकटतात व तो हलावयास नाखूष होतो. पडल्याची कोणतीही खूण नसतां जनावर लंगडूं लागलें, तर पायाबरोबर त्याच्या गव्हाणीचीही तपासणी करावी.

आधीं पोट, मग पाय :— या लेखांतील एकच वाक्य लक्षांत राहणार असेल तर तें हें असावें. गिनीपिगास ओकारी होत नाहीं. त्याचें अंधांत्र, म्हणजे आंधळें आंतडें, फार मोठें असून तेथें जंतूंच्या साह्यानें गवत पचतें. दुखण्यामुळें त्यानें खाणें थांबविलें कीं तें यंत्र बंद पडतें, वायु धरतो, आणि पाय बरा होण्यापूर्वींच प्राण जातो. म्हणून अर्धा दिवस त्यानें कांहीं खाल्लें नाहीं, किंवा लेंड्या लहान व थोड्या झाल्या, तर तें संकट समजावें. रोज ठराविक वेळीं स्वयंपाकघरांतील वजनकांट्यावर त्याचें वजन करून वहींत लिहावें. एक दशांश वजन घटणें ही धोक्याची खूण आहे.

स्वतः खात नसल्यास त्याच्या नेहमींच्या खाद्याच्या कांड्या कोमट पाण्यांत भिजवून पातळ खिमट करावी व सुई काढलेल्या पिचकारीनें, तोंडाच्या बाजूनें, दाताच्या मागें, थोडी थोडी घालावी. एका वेळीं एक मिलिलिटरहून जास्त सोडूं नये. चावून गिळल्यावरच पुढचा घांस द्यावा, नाहींतर फुप्फुसांत जाईल. दर किलो वजनास दिवसभरांत सुमारें ५० ते ८० मिलिलिटर, पांचसहा वेळां विभागून, असें प्रमाण असतें. मात्र पोट फुगून घट्ट लागत असेल तर पाजूं नये. आधीं पशुवैद्यांस दाखवावें.

जागा व चारा :— दीड हात लांब व एक हात रुंद अशा बसक्या खोक्यांत त्यास ठेवावें. धांवतां येऊं नये, पण वळतां व पसरतां यावें. खालीं जुनें सुती कापड घालून तें रोज बदलावें. चारा व पाणी तोंडाशीं असावें. दुखऱ्या पायानें चढून जाण्याची पाळी येऊं नये. जागा सावलीची व हवेशीर असावी. उष्णमान ३० अंशांच्या वर गेलें कीं त्यास उष्माघाताची भीति असते. हा कळपांत राहणारा प्राणी असल्यामुळें सोबती असल्यास त्यास मध्यें जाळी घालून शेजारीं ठेवावें. एकटेपणानें तो अधिक खचतो.

मऊ वाळलेलें गवत चोवीस तास समोर असलेंच पाहिजे. त्याचे दांत जन्मभर वाढतात व गवत चघळल्यानेंच झिजतात. लसूणघासांत चुना फार असल्यामुळें वाढलेल्या जनावरास तो रोजचा चारा करूं नये; मुतखडा होतो. ज्या बांधावर तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलें असेल तेथील गवत आणूं नये. 'क' जीवनसत्त्व दर किलो वजनास रोज १० मिलिग्रॅम व आजारांत ३० मिलिग्रॅमपर्यंत लागतें. १०० ग्रॅम पेरूमध्यें तें सुमारें २०० मिलिग्रॅम असतें. तेव्हां पेरूची एक लहान फोड, थोडी कोथिंबीर व भोपळी मिरचीचा तुकडा यांवर काम भागतें. हें सत्त्व पाण्यांत विरघळवून ठेवल्यास लवकर नासतें. तयार खाद्यांतीलही कांहीं महिन्यांत कमी होतें. म्हणून ताज्या पाल्यास तोड नाहीं.

औषधांविषयीं इशारा :— पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन हीं औषधें गिनीपिगास देऊं नयेत. तीं अंधांत्रांतील उपयोगी जंतू मारतात, त्यांची जागा विषारी जंतू घेतात व हगवणीनें मृत्यु येतो. १९४० सालच्या मे महिन्यांत ऑक्सफर्ड येथें फ्लोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पेनिसिलिनची प्रसिद्ध परीक्षा उंदरांवर केली व तें गुणकारी ठरलें. ती गिनीपिगांवर झाली असती तर तें औषध विष म्हणून बाजूस पडण्याचा संभव होता. वेदनेसाठीं गुरांस देतात तेंच मेलॉक्सिकॅम पशुवैद्य या प्राण्यासही देतात. परंतु ४०० किलोच्या बैलासाठीं केलेल्या बाटलींतील औषध एका किलोच्या जिवास अंदाजानें देणें म्हणजे जुगार आहे. मात्रा पशुवैद्यांनींच ठरवावी.

पट्टीही घरीं बांधूं नये. घट्ट झाल्यास रक्त थांबून पाय सडतो, सैल झाल्यास ती कुरतडून पोटांत जाते. क्ष-किरण चित्र काढून पशुवैद्य पट्टी, शस्त्रक्रिया किंवा नुसती विश्रांति यांपैकीं योग्य तें ठरवितात. हाड सांधण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. पाय काढावा लागला तरी घाबरूं नये. तीन पायांवर हा प्राणी सुखानें वावरतो. मात्र कणा मोडून जनावर खाणें-हलणें दोन्ही सोडून देईल, तर पशुवैद्यांच्या हातून त्याची वेदना संपविणें हीही शुश्रूषाच होय.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या दुसऱ्या गिनीपिगाचा पाय पिंजऱ्याच्या फटींत मोडला. या वेळीं कामट्या व घरांतलें औषध यांस मीं हात लावला नाहीं. त्याच दिवशीं त्यास पशुवैद्यांकडे नेलें; मुलीनें सहा आठवडे वजनाची वही ठेवली. पहिल्या चार दिवसांत ८४० ग्रॅमचे ७९० झाले, मग आंकडा थांबला व हळूहळू चढूं लागला. पाय किंचित् वांकडा सांधला आहे, पण गवताची चाहूल लागतांच तो शीळ घालीत जाळीपाशीं येतो. वहीचें शेवटचें पान मुलीनें मला दाखविलें, तेव्हां पहिल्या गिनीपिगाची गोष्ट मीं तिला खरी खरी सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली व म्हणाली, "बाबा, हें तुम्ही सगळ्यांना सांगा." तें काम मासिकाच्या पानांतून आज करीत आहें.