उथळ पाण्यातील होडीसाठी जेट इंजिन: निवड, जोडणी आणि काळजी

उन्हाळ्यात उजनीसारख्या धरणाचे पाणी उतरले की फुगवट्यात होडी चालवणे अवघड होते. जुन्या बांधांचे दगड, चौथरे आणि बाभळीची खोडे पाण्याखाली वीतभर अंतरावर येतात. त्यावर आपटून आउटबोर्ड इंजिनाच्या पंख्याची पाती वाकतात. मग "जेट इंजिन बसवू का?" असा प्रश्न येतो. खर्च मोठा आहे, म्हणून पैसे गुंतवण्यापूर्वी पुढील माहिती वाचा.

जेट कसे चालते?

विहिरीवरचा पंप आठवा. जेट म्हणजे तसाच पंप. तो खालच्या जाळीतून पाणी ओढतो आणि त्याचा इम्पेलर ते पाणी मागच्या तोंडातून जोराने फेकतो. त्या धक्क्याने होडी पुढे जाते. तळाखाली उघडे फिरणारे पाते नसते. न्यूझीलंडमधील उथळ, गोट्यांच्या नद्यांसाठी विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात जेट बोट विकसित केली. पुढे हेच तत्त्व आउटबोर्ड इंजिनातही आले.

कोणासाठी योग्य?

- होडी हलकी, सपाट तळाची, फायबर किंवा ॲल्युमिनियमची असावी. वेग घेतल्यावर ती पाण्यावर उचलली गेली पाहिजे. जड लाकडी होडीला जेटचा उपयोग नाही.
- त्याच इंजिनाला पंख्याऐवजी जेट लावल्यास सुमारे ३० टक्के ताकद कमी मिळते. जाळी, बर्फ, मासळी आणि माणसे यांचे वजन धरूनच इंजिन निवडा.
- जलपर्णी किंवा शेवाळ जास्त असेल तर जेट घेऊ नका. जाळी तुंबते. इंजिन थंड ठेवणारे पाणीही याच पंपातून येते, त्यामुळे इंजिन तापते.
- उथळ पाण्याचा फायदा वेगात असतानाच मिळतो. थांबलेली होडी जास्त बुडते.

वजन जास्त आणि वेग कमी असेल, तर पंखा सहज वर उचलता येणारे लांब दांड्याचे इंजिन स्वस्त आणि सोयीचे पडते.

बसवताना उंची महत्त्वाची

फूटव्हॉल्व्ह उघडा पडला की पंप हवा धरतो. जेटचेही तसेच आहे.

१. होडीच्या तळाला लांब सरळ पट्टी लावून ती मागे इंजिनापर्यंत न्या.
२. पाणी घेणाऱ्या तोंडाची पुढची कड या पट्टीच्या रेषेत आणा.
३. त्यासाठी इंजिन पंख्याच्या इंजिनापेक्षा बरेच वर बसवावे लागते. होडीची मागची फळी मजबूत ठोकळ्याने किंवा धातूच्या ब्रॅकेटने उंच करा.
४. तोंडाच्या समोर तळावर पट्टी, खिळ्यांची रांग किंवा उंचवटा नको. त्यातून बुडबुडे पंपात जातात.
५. कायमचे बोल्ट लावण्यापूर्वी शिकंजे घट्ट आवळा, इंजिनाला दोर बांधा आणि नेहमीचे वजन ठेवून चाचणी घ्या. इंजिन नुसतेच जोरात फिरते आणि होडी वेग घेत नाही, तर पंप हवा घेत आहे. इंजिन पाव इंच खाली घ्या. पाण्याचा फवारा जास्त उडून होडी ओढल्यासारखी वाटली, तर पाव इंच वर घ्या.

चालवताना

- थ्रॉटल एकदम सोडला की होडी वळत नाही. दगड समोर दिसल्यावर वेग बंद करण्याची सवय येथे धोक्याची ठरते. वळण आधीच घ्या.
- वाळू-गाळात इंजिन सुरू करू नका. वल्ह्याने होडी खोल पाण्यात न्या.
- जाळीतील कचरा काढण्यापूर्वी इंजिन बंद करून सुरक्षा दोरी काढा. गिअर न्यूट्रलमध्ये असला तरी इम्पेलर फिरतच असतो.
- लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालावे. वळवाचा वारा सांगून येत नाही.

देखभाल

बेअरिंगला दर १० तासांनी आणि रोजचे काम संपल्यावर ग्रीस द्या. इम्पेलर आणि भोवतालच्या कवचातील फट सुमारे ०.८ मि.मी. असावी. वाळूने ती वाढली की जोर कमी होतो. शिम बदलून फट पुन्हा जुळवता येते.

विस्तार कार्यकर्त्यांनी खरेदीची शिफारस करण्यापूर्वी त्याच पाण्यात, मे महिन्यात, भरलेल्या होडीवर प्रात्यक्षिक घ्यावे. भरल्या धरणात सगळीच इंजिने चांगली चालतात.