प्रोग्रामातील उसनवारी

आजचा विषय संगणकाचा असला तरी त्यातला मूळ प्रश्न कोणत्याही संसारी माणसाच्या ओळखीचा आहे. लागणारी वस्तू घरी करावी की बाहेरून आणावी? ज्याची संहिता कोणालाही वाचता, वापरता व सुधारता येते अशा मुक्तस्रोत प्रोग्रामाच्या कर्त्यांपुढे हा प्रश्न रोज उभा राहतो. दुसऱ्याने लिहिलेली तयार लायब्ररी फुकट मिळते आणि ती जोडावयास बहुधा एक ओळ पुरते. या सुलभतेमुळेच विचार करावयाचा राहून जातो.

ओपनएसएसएच या प्रोग्रामाचे उदाहरण घेऊ. दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश करण्यासाठी तो जगभर वापरला जातो. १९९९ साली ओपनबीएसडीच्या मंडळींनी तो सुरू केला, आणि ही मंडळी उसनवारीच्या बाबतीत मोठी काटेकोर. परंतु लिनक्सच्या काही वितरणांना एक बारीकशी सोय हवी होती: प्रोग्राम सुरू झाला की ‘मी तयार आहे’ असा निरोप त्याने सिस्टिमडी या व्यवस्थापकाला धाडावा. निरोप एवढासा, पण तो धाडण्यासाठी त्यांनी आपापल्या आवृत्तीत सिस्टिमडीची लायब्ररी जोडली. त्या लायब्ररीला फाइली दाबून लहान करणारी एक्सझेडची लायब्ररी लागत असे. अशा रीतीने, ज्या दारावर पहारा सर्वांत कडक त्याच दाराच्या आत पाहुण्याचा पाहुणा येऊन बसला.

एक्सझेड सांभाळणारे गृहस्थ बहुतेक एकटेच होते. हा आपला विनामोबदला छंद आहे असे त्यांनी २०२२ साली लिहिलेही होते. ‘जिआ टॅन’ असे नाव धारण करणाऱ्या कोणी एकाने दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून काम करून त्यांचा विश्वास संपादन केला आणि २०२४ च्या आरंभी ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला प्रवेशास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले. अर्ध्या सेकंदाकडे दुसऱ्या कोणी लक्ष दिले असते की नाही, देव जाणे! त्यांनी दिले, आणि २९ मार्च २०२४ रोजी प्रकरण उघडकीस आले. पुढे जुलैमध्ये ओपनएसएसएचच्या ९.८ आवृत्तीत तो निरोप धाडणारी संहिता त्या मंडळींनी स्वतःच लिहून टाकली. काम मुळात एवढेच होते.

यावरून सगळे घरीच करावे असे कोणी म्हणेल, तर तेही चूकच. घड्याळाचेच पाहा. जगातील निरनिराळ्या प्रदेशांत कोणत्या काळी घड्याळ किती पुढे वा मागे होते, याची एक सामाईक नोंदवही आहे व बहुतेक संगणक ती वापरतात. भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, एवढे लिहिले की संपले असे आपल्याला वाटते. पण महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, आपली घड्याळे आणखी तासभर पुढे होती. आणि मुंबईने तर आपली निराळी वेळ कित्येक वर्षे जपली होती, हे श्रोत्यांतील वडीलधाऱ्यांनी ऐकलेले असेल. निरनिराळी सरकारे आजही हे नियम बदलतात. असले काम एकट्या प्रकल्पाने अंगावर घेऊ नये. सांकेतिक लेखनाचेही तसेच. ते घरगुती केले की हमखास कच्चे राहते.

तेव्हा पहिला विचार कामाच्या आकाराचा. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्टपॅड’ नावाचे पॅकेज त्याच्या कर्त्याने एका नावाच्या वादातून एनपीएमच्या भांडारातून काढून घेतले. शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणे हे त्याचे काम, आणि संहिता अवघी ११ ओळींची. तरी बेबेलसारख्या सर्वपरिचित साधनासह हजारो प्रकल्पांची बांधणी अडली. ज्याच्या दहा-अकरा ओळी आपणच लिहू शकतो, त्यासाठी परक्याच्या मर्जीवर राहणे मला तरी पटत नाही.

दुसरा विचार माणसांचा, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा. लायब्ररीमागे किती जण आहेत, शेवटची दुरुस्ती कधी झाली, तक्रारींना उत्तर मिळते का, आणि ती स्वतः आणखी कोणाकोणाला बरोबर आणते? परवान्याकडेही पाहावे, रीडलाइन ही लायब्ररी वापरल्यामुळे क्लिस्प या प्रकल्पाला आपला परवानाच बदलावा लागला होता.

सर्व पाहून जोडावयाचे ठरलेच, तर ती लायब्ररी आपल्या संहितेत एकाच ठिकाणाहून वापरावी, म्हणजे उद्या काढताना सारे घर उसकटावे लागत नाही. आवृत्तीचा क्रमांक नोंदवावा, उसनवारीची यादी अद्ययावत ठेवावी. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतील भयंकर दोष जाहीर झाला, तेव्हा दुरुस्त आवृत्ती लवकरच आली होती. पण ती लायब्ररी आपल्याकडे आहे की नाही, असल्यास कोणाच्या पाठीवर बसून आली, हे शोधण्यातच अनेक ठिकाणी दिवसामागून दिवस गेले.