रामवाडीत सूर्य, रोह्याच्या वाटेवर नेपच्यून

पुस्तकातलं सूर्यमालेचं चित्र आठवा. सूर्य, आणि शेजारी खेटून आठ ग्रह. ते चित्र पानावर मावावं म्हणून तसं काढतात. खरं प्रमाण बघायचं तर आपल्याला रस्ता लागेल.

समजा, पृथ्वी ते सूर्य हे सुमारे १५ कोटी किलोमीटर अंतर आपण १ किलोमीटर धरलं. आता पेणच्या रामवाडीत एसटी थांब्यापाशी सूर्य ठेवू. तो सव्वानऊ मीटरचा गोळा होईल, म्हणजे तीन मजली घराएवढा. बुध ४०० मीटरवर, आवळ्याएवढा. शुक्र ७०० मीटरच्या पुढे. १ किलोमीटरवर आपली पृथ्वी, एक मोसंबं! तिच्यापासून अडीच मीटरवर चंद्र. दीड किलोमीटरवर मंगळ, लिंबाएवढा.

आणि मग? बराच वेळ काहीच नाही. लघुग्रह आहेत, पण या मापात ते धुळीचे कण. वडखळच्या आसपास, ५.२ किलोमीटरवर गुरू भेटतो, तीन फुटी गणपतीएवढा. साडेनऊवर शनी. नागोठण्याकडे जाताना १९ वर युरेनस (मराठीत आपण त्याला हर्षल म्हणतो, कारण १७८१ मध्ये तो हर्शेलने शोधला) आणि ३० वर, रोह्याच्या वाटेला, नेपच्यून. हे दोघे कलिंगडाएवढे.

रस्त्यावर मांडले म्हणून ते रांगेत आले, हं. प्रत्यक्षात जो तो आपल्या गतीने फिरतो. बुधाला एका फेरीला ८८ दिवस, नेपच्यूनला सुमारे १६५ वर्षं.

हे सगळं सांगण्याचं कारण १९६२ ची अष्टग्रही. त्या फेब्रुवारीत सूर्य, चंद्र आणि पाच ग्रह मकर राशीत दिसत होते. आठवा केतू, तो तर गणिताचा बिंदू. प्रलय होणार म्हणून देशभर लोक धास्तावले, यज्ञ झाले. पण ‘एका राशीत’ म्हणजे फक्त एका दिशेला. मोसंब्यावर उभं राहून पाहिलं तर लिंबू आणि वडखळचा गुरू शेजारी दिसतीलच की! मधलं अंतर काही कमी होत नाही.

ओढीचं म्हणाल, तर धरमतरच्या खाडीला भरती आणतो तो अडीच मीटरवरचा चंद्र, आणि त्याच्या जोडीला सूर्य. गुरू अगदी जवळ आला तरी भरतीतला त्याचा वाटा चंद्राच्या एक लाखांशाहून कमी.