राजवाडा ते सराफा : एक रसनायात्रा

महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी घरांत प्रवासाची एक ठरीव रीत असे. निघण्याच्या आदल्या रात्री दशम्या होत, तिखटमिठाच्या पुऱ्या होत, कोरड्या चटणीची पुरचुंडी बांधली जाई आणि फिरकीच्या तांब्यात पाणी भरले जाई. तीर्थ, लग्न किंवा बदली यांवाचून कोणी फारसे घर सोडीत नसे. आणि केवळ खाण्यासाठी परगावी जाणे हे तर खुशालचेंडूंचे लक्षण समजले जाई. आता काळ पालटला आहे. शहराची ओळख तेथील रस्त्यावरच्या खाण्यातून करून देणाऱ्या पायी सहली ठिकठिकाणी निघतात. दहा-बारा माणसांचा मेळा, त्याच्यापुढे एक जाणता वाटाड्या आणि तीन-चार तासांची भ्रमंती. वाटेत वास्तू पाहायच्या आणि मधून मधून हाती द्रोण घ्यायचा, असे या सहलींचे स्वरूप असते.

गेल्या हिवाळ्यात अशा एका सहलीचा लाभ आम्ही इंदूर मुक्कामी घेतला. आम्ही ग्वाल्हेरकर, शाळेतील सहकारी, त्यांची कुटुंबे आणि दोन-चार मुले मिळून बाराजण. ग्वाल्हेर शिंद्यांचे, इंदूर होळकरांचे. मराठी फौजा उत्तरेत उतरल्या, त्यांच्यामागून कारकून, पुराणिक, वैद्य, गवई आणि आचारी आले आणि या दोन्ही शहरांतील आपली मराठी वस्ती अशीच वाढली. त्यामुळे ही सहल निव्वळ जिव्हालौल्याची राहिली नाही. तिने जे विचार मनात आणले, ते वाचकांपुढे ठेवावेत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

सात मजल्यांची साक्ष

आमचा वाटाड्या पंचविशीतला, इंदूरचाच तरुण. बोलणे हिंदीत, त्यात माळव्याची ऐस, आणि दर दुसऱ्या वाक्याला 'भिया' हे इंदुरी संबोधन. दिवस मावळताना त्याने आम्हांला राजवाड्यासमोरच्या बागेत, अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी जमविले आणि पहिल्याप्रथम नियम सांगितले. एका पदार्थाचा एक द्रोण तिघाचौघांत घ्यायचा. चव घ्यायची, पोट भरायचे नाही. पाणी ज्याचे त्याने बाळगायचे. आणि रिकामा द्रोण हातातून सुटेल तो केराच्या पेटीतच. शाळेच्या पहिल्या तासाला शोभेल अशी ती शिस्त पाहून आम्हांला त्याच्याविषयी तत्काळ आदर वाटला.

राजवाडा सात मजल्यांचा. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. दगडाचा भाग किल्ल्यासारखा करारी आणि वरचे सज्जे, झरोके मात्र नाजूक. नीरेकाठच्या होळ गावचा एका मेंढपाळाचा मुलगा, १६९३ साली जन्मलेला मल्हारराव, पेशव्यांच्या सेवेत पराक्रमाने चढत गेला आणि माळव्याचा सुभेदार झाला. त्याच्या काळात या वास्तूचा आरंभ झाला. राजवाड्याच्या आवारात मल्हारी मार्तंडाचे मंदिर आहे. जेजुरीचा खंडोबा आपल्या माणसांबरोबर नर्मदा ओलांडून येथवर आला. तेथे हात जोडताना आमच्यातील वडील मंडळींचे डोळे ओलावले.

वाटाड्या बोलण्याच्या भरात म्हणाला, की अहिल्याबाई याच राजवाड्यातून कारभार पाहत. आमच्या इतिहासाच्या शिक्षकांनी त्याला हळूच बाजूला घेतले. अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य केले ते नर्मदाकाठच्या महेश्वराहून. होळकरांची राजधानी इंदूरला आली ती १८१८ साली, महिदपूरच्या पराभवानंतर मंदसोरचा तह झाला तेव्हा. तरुणाने खिशातून वही काढली, दोन्ही साले टिपून घेतली आणि 'गुरुजी, आणखी सांगा' म्हणाला. ज्याला विचारण्याची लाज वाटत नाही, तो उत्तम शिकतो, हा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव त्याने पुन्हा एकदा खरा केला.

पुढे त्याने सांगितले, की हा वाडा तीनदा जळला : १८०१, १९०८ आणि १९८४ या साली. तिसऱ्या वेळची आग दंगलीतली. तिने मागची बरीचशी इमारत गिळली आणि पुढे ती नव्याने उभारावी लागली. आमच्यातील आठवीतल्या एका मुलाने विचारले, "पहिल्यांदा कोणी जाळला?" वाटाड्या म्हणाला, "दुश्मनांनी." मुलगा आमच्याकडे वळला. "सर, दुश्मन म्हणजे इंग्रज ना?"

"नाही बाळ," आम्ही म्हणालो, "आपल्या शिंद्यांच्या फौजेने."

मेळा क्षणभर निःशब्द झाला. पण मुलाला खरे ते सांगणे भाग होते. १८०१ च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनीस शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याचा सूड म्हणून ऑक्टोबरात दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे इंदुरावर चालून आले आणि शहर लुटून जाळण्यात आले. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, हडपसरापाशी यशवंतरावांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेस धूळ चारली. दुसरे बाजीराव पुणे सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. इंदूरची होळी आणि वसईची सही यांत पुरते पंधरा महिनेही नाहीत. मुलगा बराच वेळ त्या दगडी भिंतीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे इंग्रजांना दार आपणच उघडले." वर्गात चार तास घालवूनही जे उमगले नसते, ते त्याला एका भिंतीने शिकविले.

तेथून कान्ह नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या पाहिल्या. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकर यांची ही स्मारके. दिव्यांच्या उजेडात त्यांची शिखरे आणि कोरीव खांब शांत, गंभीर दिसत होते. सर सेठ हुकुमचंदांनी बांधविलेले काच मंदिर आणि १८८६ ते १९२१ या काळात उभा राहिलेला लालबाग राजवाडा ही स्थळे दिवसाउजेडी पाहण्याची. ती आम्ही दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवली.

सोन्याच्या पेढ्यांपुढे द्रोण

राजवाड्याच्या मागे काही पावलांवर सराफा. दिवसभर येथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री आठ-नऊच्या सुमारास पेढ्यांच्या फळ्या लागतात आणि त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया, तवे, परातींची मांडामांड सुरू होते. मध्यरात्र उलटून जाईपर्यंत ही गल्ली जागी असते. रात्रभर माणसांची वर्दळ राहिली तर दुकानांची आपोआप राखण होते, म्हणून सराफांनीच खाद्यविक्रेत्यांना आसरा दिला, अशी कथा येथे सांगतात.

आरंभ केला तो मक्याच्या किसाने. हिंदीत 'भुट्टे का कीस'. पण 'कीस' हा शब्द कानी पडताच मराठी माणसाला किसणी आठवते. कोवळी कणसे किसून, तुपात हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन, दूध घालून तो मंद आचेवर आटवितात. वर लिंबू, कोथिंबीर आणि खोबरे. आमच्या मंडळींतील वहिनींनी एक घास घेऊन निर्णय दिला, "उपम्याचा हा श्रीमंत भाऊ."

मग गराडू. हा कोनफळाच्या जवळचा कंद, हिवाळ्यातच मिळतो. फोडी एकदा तळून ठेवतात, गिऱ्हाईक आले की पुन्हा तळतात आणि वर जिरावण भुरभुरून लिंबू पिळतात. जिरे, धने, आमचूर, काळे मीठ, हिंग आदींची ही पूड म्हणजे इंदुरी खाण्याचा प्राण. आपल्याकडे मेतकुटाला जे स्थान, ते येथे जिरावणाला.

साबुदाण्याच्या खिचडीपाशी मात्र आमच्यात दोन तट पडले. आपली खिचडी तुपाजिऱ्यात परतलेली, दाण्याच्या कुटाची. इंदूरची वाफेवर फुललेली, मोकळी; मागणीबरोबर तिच्यात मसाला, लिंबू आणि कुरकुरीत फराळी मिश्रण कालवून देतात. "ही खिचडी नव्हे, भेळ," असे एका काकूंचे मत पडले. मुलांनी मात्र दुसरा द्रोण मागितला. या वादात आम्ही एवढीच भर घातली, की ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो मुळात दक्षिण अमेरिकेतला, आणि आज आपल्या उपवासाचा साबुदाणा मुख्यत्वे तमिळनाडूतील सेलमकडून येतो. मकाही अमेरिकेचाच. तेव्हा 'अस्सल आमचे' म्हणून भांडताना थोडा संयम बरा.

दहीवड्याच्या दुकानापुढे खाणाऱ्यांपेक्षा पाहणारे अधिक. विक्रेता दह्याने भरलेला द्रोण हवेत उंच उडवितो, तो न सांडता झेलतो आणि एकाच चिमटीतून निरनिराळे मसाले वेगवेगळे सोडून दाखवितो. हे खेळ झाले. पण वडा खरोखर मऊ होता. पुढे पावकिलोच्या घरातला एकच जिलेबा, खव्याच्या पारीत सुकामेवा भरून तळलेली आणि पाकात मुरविलेली मावाबाटी, आणि शेवटी शिकंजी. इतरत्र शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत; इंदूरची आटीव दुधाची, मठ्ठ्याचे आंबटपण, केशर-वेलदोडा आणि सुकामेवा असलेली दाट. बासुंदी आणि पियुष यांच्या मधोमध तिचे घर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलबी. इंदूरचे पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून वाफेवर ऊन राखतात. तेल कमी, बडीशेपेचा गंध, वर शेव, कांदा, जिरावण, आणि शेजारी गरम जिलबी. पोहे मराठ्यांबरोबर माळव्यात आले, असे इंदूरकर कौतुकाने सांगतात. आले असतील तर ते आता माळव्याचे झाले, आणि यात आपल्याला आनंदच आहे. मुलगी सासरी रुळली की तिच्या हातची चव बदलायचीच.

द्रोण जातो कोठे?

येथे स्वच्छतेविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. २०१७ पासून राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षे पहिले येत राहिले, २०२३ चा मान सुरतेसह वाटून घेतला. नव्या पलासियातील छप्पन दुकान या खाद्यवस्तीला २०१९ साली केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने स्वच्छ खाद्यकेंद्र म्हणून मान्यता दिली. आम्ही वाटाड्याला विचारले, की रोजचे हे उष्टेखरकटे जाते कोठे? ओला आणि सुका कचरा घरोघरी व दुकानोदुकानी वेगळा केला जातो. ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणारा, दिवसाला ५५० टन कचरा पचविण्याची क्षमता असलेला प्रकल्प २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, आणि त्या वायूवर शहरातील बसगाड्या धावतात. उरलेल्या घासावर गाडी चालते, हे ऐकून मुले चकित झाली. आमच्या शाळेच्या आवारात दुसऱ्या आठवड्यापासून दोन पेट्या दिसू लागल्या, हे या सहलीचे एक फळ.

तरीही सराफ्यात सारे आलबेल नाही. गल्ली अरुंद, गर्दी अफाट आणि हारीने मांडलेल्या वायूच्या टाक्या. आगीची भीती सराफ व्यापाऱ्यांनी वेळोवेळी बोलून दाखविली आहे. शिवाय गराडू-किसाच्या जोडीला नूडल्स आणि मोमो यांच्या गाड्या वाढल्या. जुन्या पदार्थांनाच येथे जागा असावी, अशी मागणी होते. नव्या पदार्थाचा आम्हांला राग नाही. साबुदाणाही एकदा नवाच होता. परंतु जो पदार्थ प्रत्येक शहरात मिळतो, त्याच्यासाठी सराफ्याची जागा कशाला खर्ची घालावी? आणि माणसांच्या जिवाहून कोणतीही चव मोठी नाही. रुंद वाट, अग्निशमनाची सोय आणि मोजकी दुकाने, हा मार्ग आम्हांला शहाणपणाचा वाटतो.

सांगणार कोण?

रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर या भागांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. २००१ साली मराठी साहित्य संमेलन इंदुरास भरले होते. असे असता राजवाड्यापुढे उभा राहून होळकरांची कथा सांगणारा तरुण मराठी नव्हता, याचे आम्हांला वैषम्य वाटले नाही. तो प्रेमाने सांगत होता. वाईट वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. आमच्या बरोबरच्या मुलांना शिकंजीची दुकाने नावानिशी ठाऊक होती, यशवंतराव मात्र ठाऊक नव्हते. इतिहास घरात सांगितला गेला नाही, तर तो बाजारात चवीपुरता मिळतो. आणि बाजारात कडू भाग वगळला जातो. 'दुश्मनांनी जाळला' एवढ्यावर कथा संपते.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. वडोदऱ्यास सेव-उसळीची गाडी आहे आणि लक्ष्मीविलास राजवाडा आहे. बेळगावास कुंदा आहे आणि किल्ला आहे. ग्वाल्हेरीस कचोरी आहे आणि महाराजबाडा आहे. प्रत्येक गावच्या मराठी मंडळाने सुट्टीत चार-पाच तरुण मुलामुलींना हाताशी धरावे. गावच्या वास्तूंची साले, माणसांची नावे, पदार्थांच्या कृती यांची एक वही त्यांच्याकडून तयार करून घ्यावी, वडीलधाऱ्यांकडून आणि ग्रंथालयातून ती तपासून घ्यावी, आणि महिन्यातून एकदा घरच्याच मुलांना घेऊन अशी फेरी काढावी. हिंदी, गुजराती, कन्नड शेजाऱ्यांची मुलेही त्यात असावीत, कारण हा इतिहास त्यांच्याही अंगणातला आहे. खर्च द्रोणापुरता. जिंकल्याच्या कथा सांगाव्यात तशा आपसांत लढून हरल्याच्याही सांगाव्यात. मुले त्या पेलतात. त्या रात्री सराफ्यातून परतताना आठवीतल्या त्या मुलाने वाटाड्याकडून वही मागून घेतली आणि १८०१ या सालापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिले, 'शिंद्यांची फौज.' वाटाड्याने ते वाचले आणि उद्यापासून असेच सांगेन, म्हणाला.